पाचशेची भरपाई आज, शंभर कोटींची कधी?

बँकेच्या काउंटरवरच्या कॅशियरची संध्याकाळी पाचशे रुपयांची कॅश शॉर्ट आली, तर ते पाचशे रुपये कोण भरतो? तोच भरतो. त्याच दिवशी, स्वतःच्या खिशातून. त्यासाठी चौकशी अधिकारी नेमला जात नाही, सहनिबंधकांपुढे तारीख लागत नाही, मंत्र्यांकडे अपील जात नाही आणि त्याचे कार्यकर्ते रस्त्यावर बसून राजकीय सूडाच्या घोषणा देत नाहीत. गर्दीच्या वेळी एखाद्या ग्राहकाला चुकून जादा नोट गेली असेल, तरी भरपाई त्याचीच. नियम कठोर आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे. लोकांचा पैसा ज्याच्या हातात, हिशेब त्याच्या माथी. माझे भांडण एवढेच आहे की हा नियम काउंटरपाशीच का थांबतो? वरच्या मजल्यावर, संचालक मंडळाच्या वातानुकूलित दालनात एका ठरावाने शंभर कोटी शॉर्ट येतात. तिथवरचा जिना तो का चढत नाही?

१२ फेब्रुवारी २०२५ला रिझर्व्ह बँकेचे अधिकारी मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत रोकड मोजायला गेले. नुसती रोकड मोजायची होती, दुसरे काही नाही. प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांत मिळून १२२ कोटी रुपये कमी भरले. दुसऱ्या दिवशी बँकेवर निर्बंध आले, तिसऱ्या दिवशी संचालक मंडळ बरखास्त झाले आणि लगोलग बँकेच्या महाव्यवस्थापकाला अटक झाली. तपासात आणखी एक गोष्ट बाहेर आली. प्रभादेवीच्या ज्या तिजोरीत पुस्तकांप्रमाणे शंभराहून अधिक कोटी रोख पडून होते, त्या तिजोरीत साधारण दहा कोटीच मावतात.

इथे जरा थांबा आणि हे दृश्य नीट डोळ्यांपुढे आणा. बँकेत अंतर्गत लेखापरीक्षक असतो, समवर्ती लेखापरीक्षक असतो, वैधानिक लेखापरीक्षक असतो. संचालक मंडळाची लेखापरीक्षण समिती असते. रिझर्व्ह बँकेची तपासणी असते. ताळेबंदावर सह्या होतात, तो वार्षिक सभेत मंजूर होतो. एवढ्या सुशिक्षित, पदवीधर, प्रमाणपत्रधारी डोळ्यांपुढे कागदावर शंभर कोटी आणि भिंतीत दहा कोटींची पेटी. एकालाही या दोहोंचा मेळ घालावासा वाटला नाही? हिशेबतपासनिसाला सनदी लेखापालाची परीक्षा पास व्हावी लागते. इथे मोजपट्टी पुरली असती.

या बँकेचे मूळ ठाऊक असेल तर राग आणखी वाढतो. जॉर्ज फर्नांडिसांनी १९६८मध्ये कामगारांसाठी ‘बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक’ म्हणून ती काढली होती. कष्टकऱ्याला सावकाराच्या दारात जावे लागू नये, हा तिचा हेतू. अर्ध्या शतकानंतर त्याच बँकेच्या दारात खातेदार उभे होते आणि त्यांना स्वतःच्या बचतीतला एक रुपयाही काढता येत नव्हता. दोन आठवड्यांनी पंचवीस हजारांची मुभा मिळाली. पुढे ऑगस्ट २०२५मध्ये सारस्वत बँकेने ती सामावून घेतली. म्हणजे एका बँकेने हिशेबाची माती केली आणि दुसरी ती निस्तरायला पुढे आली.

कायदा अपुरा आहे, असे कुणी सांगू लागले तर त्याला खुशाल हटका. कायदा रग्गड आहे. भारतीय दंड संहितेचे कलम ४०९ घ्या. आपल्या ताब्यात विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार लोकसेवकाने, बँकरने, व्यापाऱ्याने किंवा अभिकर्त्याने केला, तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा हाच गुन्हा कलम ३१६च्या पाचव्या उपकलमात तेवढ्याच शिक्षेसह जाऊन बसला. बँकिंग नियमन अधिनियमाचे कलम ४६ आहे: विवरणपत्रात जाणूनबुजून खोटे लिहिले, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. नागरी सहकारी बँकांनी संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायचेच नाही, ही रिझर्व्ह बँकेची मनाई ऑक्टोबर २००३पासून आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ७३ सांगते की समितीच्या निर्णयांना सगळे सदस्य संयुक्तपणे आणि पृथकपणे जबाबदार. हाउसिंग सोसायटीच्या कमिटीत बसलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. तिथला बिचारा खजिनदार पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा चेक फाडतानाही दहा वेळा विचार करतो, कारण त्याने एम-२० बंधपत्राचे नाव ऐकलेले असते. बँकेच्या संचालकाने ऐकलेले नसते काय?

ऐकलेले असते. पण निर्भय राहण्याची कला त्याला अवगत असते. ती दोन वाक्यांत मावते.

पहिले वाक्य संचालकाचे: ‘मी मानद होतो; अधिकाऱ्यांनी टिपण ठेवले, आम्ही मंजूर केले.’ दुसरे अधिकाऱ्याचे: ‘वरून फोन होता, मंडळाची इच्छा, मी टिपण लिहिले.’ दोन्ही वाक्ये एकाच खटल्यात, एकाच न्यायाधीशापुढे, एकाच दिवशी बोलली जातात. दोघेही खरे बोलत असतील तर दोघेही दोषी ठरतात, एवढा साधा तर्क आहे. मानद असणे म्हणजे मानधन न घेणे. डोळे न उघडणे नव्हे. आणि वरून फोन आला म्हणून खोटा हिशेब लिहिणाऱ्याला फोनची बिले दाखवून सुटता येत नाही. वरिष्ठाच्या बेकायदा हुकमाचे पालन हा आपल्या कायद्यात बचाव नाही. तरी हे दोघे एकमेकांकडे बोट दाखवत वर्षे काढतात, आणि त्या दोन बोटांच्या मधल्या पोकळीत ठेवीदाराची मुदत ठेव गडप होते.

मुंबईच्या पीएमसी सहकारी बँकेचे प्रकरण या कलेचा कळस होते. २३ सप्टेंबर २०१९ला निर्बंध आले तेव्हा ठेवी होत्या ११,६०० कोटींवर आणि खातेदाराला काढता येणार होते एक हजार रुपये. सहा महिन्यांत मिळून एक हजार! त्याआधीच्या मार्चअखेरीस याच बँकेने ९९ कोटींचा नफा दाखवला होता आणि थकीत कर्जे फक्त ३.७६ टक्के आहेत असे सांगितले होते. वस्तुस्थिती काय निघाली? साडेसहा हजार कोटींच्या आसपास कर्ज, म्हणजे एकूण कर्जाच्या जवळपास तीन चतुर्थांश, एकाच बांधकाम व्यावसायिक गटाकडे, एचडीआयएलकडे. ते लपवण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती. एकवीस हजार एकोणपन्नास! एवढ्या माणसांचे गाव असेल तर तिथे नगरपंचायत असू शकते. हे गाव कागदोपत्री वसवले होते आणि त्यात एकही जिवंत माणूस नव्हता.

व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेले पत्र तेव्हा वर्तमानपत्रांत आले. त्यातली एक कबुली मला अजून झोंबते. लेखापरीक्षकांना वेळ कमी असे, म्हणून ते नव्याने वाढलेली कर्जेच तपासत, सगळी खाती नाही. आणि हे लपवणे २००८पासून चालू होते. अकरा वर्षे! या अकरा वर्षांत देशात तीन लोकसभा निवडणुका झाल्या, नोटा बदलल्या, आधार आले, जीएसटी आला, भाजीवाला क्यूआर कोड लावून बसला. बँकेच्या तीन चतुर्थांश कर्जाचा मालक कोण आहे, एवढी एकच गोष्ट कुणाच्या दृष्टीस पडली नाही. ठेवीदारांपैकी काहींचे जीव त्या धक्क्यात गेले. बाकीच्यांना पाच लाखांपर्यंतचे पैसे विम्यातून मिळाले. त्यावरच्या ठेवी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेतल्या विलीनीकरणाच्या योजनेप्रमाणे टप्प्याटप्प्याने, शेवटचा टप्पा दहा वर्षांनी. सत्तरीच्या ठेवीदाराला दहा वर्षांनी पैसे देण्याचे आश्वासन देणारी माणसे रात्री शांत झोपतात, हे मला सहन होत नाही.

एक फरक मात्र मी मनापासून मानतो, आणि तो मानला नाही तर हा सगळा संताप आंधळा ठरेल. बुडालेले प्रत्येक कर्ज म्हणजे गुन्हा नव्हे. दुष्काळ पडतो, कारखाना बंद होतो, धंदा आपटतो. सगळे कागद तपासून, तारण पाहून कर्ज देणारा शाखाधिकारी कर्जदार बुडाला म्हणून चोर ठरत नाही. कलम ४०९ला अप्रामाणिक हेतू लागतो आणि तो लागलाच पाहिजे. नाहीतर उद्या कुणी अधिकारी सहीच करणार नाही, आणि खऱ्या गरजूचे कर्ज टेबलावर सडत राहील. पण बनावट खाते हा चुकलेला अंदाज नसतो. तिजोरीत नसलेली रोकड हा बाजारातला चढउतार नसतो. प्रामाणिक अधिकाऱ्याच्या या रास्त भीतीची ढाल पुढे करून त्यामागे लपणारे संचालक मला सगळ्यांत तुच्छ वाटतात. ज्याने चूक केली आणि ज्याने चोरी केली, त्या दोघांना एका पंगतीला बसवून हे स्वतः निसटतात.

आता वसुलीकडे येऊ. कारण तुरुंगवासाने ठेवीदाराच्या घरात चूल पेटत नाही, वसुलीने पेटते. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याचे कलम ८८ नेमके यासाठीच आहे. संस्थेच्या पैशाचा गैरवापर करणाऱ्या आजी, माजी, एवढेच काय पण मृत पदाधिकाऱ्याकडूनही ती रक्कम वसूल करता येते. मृताच्या बाबतीत, त्याची मालमत्ता ज्या वारसाकडे गेली त्याच्याकडून. आरोप निश्चित करायचे, सुनावणी घ्यायची, दोन वर्षांत निकाल द्यायचा, फार तर सहा महिन्यांची मुदतवाढ. कायदा वाचताना छाती फुगते.

मग व्यवहार बघा. या कलमाखालच्या आदेशावर कलम १५२प्रमाणे अपील होते, कलम १५४प्रमाणे पुनरीक्षण होते, आणि मोठ्या प्रकरणांत ते जाते राज्य शासनाकडे. शासन म्हणजे मंत्रालयातले सहकारमंत्र्यांचे दालन. महाराष्ट्राच्या राजकारणात जिल्हा बँक हा आमदारकीच्या वाटेवरचा पहिला टप्पा आणि साखर कारखाना हा दुसरा. तर ज्या वाटेने मंत्री वर आले, त्याच वाटेवरच्या सहप्रवाशांच्या वसुलीचा न्याय मंत्र्यांनी करायचा. क्रिकेटमध्ये पंच तटस्थ देशाचा असावा, असा आग्रह आपण धरतो. इथे पंच त्याच संघाचा माजी कर्णधार आहे आणि कुणाला काही वावगे वाटत नाही. स्थगिती मिळते, तारखा पडतात, अधिकारी बदलतात, फायली हरवतात. दोन वर्षांचा कालावधी दोन दशकांत शिरतो.

पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार हे सांगू शकतील. १९१२ सालची बँक. फेब्रुवारी २०१३मध्ये निर्बंध आले, २०२२मध्ये परवाना रद्द झाला. मधली नऊ वर्षे पेन्शनर माणसे मोर्चे काढत होती, निवेदने देत होती, प्रशासक बदलताना बघत होती. माजी संचालक आणि अधिकाऱ्यांवर कलम ८८खाली जबाबदारी निश्चित झाली. निश्चित होणे आणि वसूल होणे यांच्यात केवढे अंतर असते, ते या शहराने मोजून पाहिले.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचे तर विचारूच नका. २००१-०२मध्ये बँकेचे सव्वाशे कोटींच्या आसपासचे पैसे सरकारी रोख्यांत गुंतवण्यासाठी खासगी दलाल कंपन्यांकडे दिले गेले. त्यातली एक होम ट्रेड, जिच्या जाहिरातींत सचिन तेंडुलकर, शाहरुख खान आणि हृतिक रोशन होते. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. शेतकऱ्याच्या सात-बाऱ्यावर चार वेळा शिक्का मागणाऱ्या बँकेने सव्वाशे कोटींचे रोखे हातात न पडताच पैसे मोकळे केले! तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांना नागपूरच्या न्यायालयाने २२ डिसेंबर २०२३ला पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्यांची आमदारकी गेली. त्यावर अपील आहे; ते न्यायालय बघेल. मी तारखांकडे बोट दाखवतो आहे. गुन्हा २००२चा, पहिला निकाल २०२३चा. मधल्या काळात हेच गृहस्थ पुन्हा पुन्हा निवडून आले आणि राज्याचे मंत्रीही झाले. आणि विदर्भातला शेतकरी? नागपूर, वर्धा, बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँका पुढे परवान्यासाठी आणि सरकारी मदतीसाठी झगडत राहिल्या. पीककर्जाची हक्काची खिडकी बंद म्हटल्यावर तो कुणाच्या दारात गेला असेल, हे वेगळे सांगायला हवे?

आता शिखर बँक. २०११मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले. गुन्हा नोंदवा, असे सांगायला उच्च न्यायालयाला ऑगस्ट २०१९ उजाडावा लागला. सत्तरहून अधिक नेते आणि अधिकारी त्यात आले, जवळजवळ सगळ्या पक्षांचे. २०२०मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने अहवाल दिला: गुन्हा दिसत नाही, प्रकरण बंद करा. २०२२मध्ये राज्यात सत्ता बदलली आणि त्याच शाखेला पुन्हा तपास करावासा वाटला. २०२३मध्ये सत्तेतली माणसे पुन्हा इकडची तिकडे झाली, आणि २०२४मध्ये त्याच शाखेने पुन्हा तेच सांगितले: बंद करा. कोण दोषी आणि कोण निर्दोष, याचा निवाडा मी करत नाही. पण पुरावे कपाटात होते तेच होते ना? कागद मंत्रिमंडळाबरोबर शपथ घेत नाहीत. मग तपासाचे मत दर खेपेला मंत्रिमंडळाच्या मागून का फिरले?

रिझर्व्ह बँकेची शिक्षा देण्याची पद्धत तर मला अजून उलगडलेली नाही. दर काही दिवसांनी पत्रक निघते: अमुक सहकारी बँकेला नियमभंगाबद्दल पन्नास हजार दंड, तमुक बँकेला दोन लाख. दंड कुणाला? बँकेला. बँकेचा पैसा कुणाचा? भागधारकांचा आणि ठेवीदारांचा. संचालकाच्या नातेवाइकाला नियम मोडून कर्ज दिले म्हणून ज्याचा पैसा धोक्यात गेला, त्याच्याच पैशातून दंड. ज्याच्या घरी चोरी झाली, त्यालाच पोलिसांनी कडी न लावल्याबद्दल पावती फाडावी, असा हा कारभार आहे. सही करणाऱ्या माणसाच्या खिशाला हात लागतच नाही.

ठेव विम्याचेही तेच. विमा एक लाखावरून पाच लाख झाला फेब्रुवारी २०२०मध्ये, पीएमसीचे ठेवीदार रस्त्यावर उतरल्यावर. चांगले झाले. पण त्याचा हप्ता येतो कुठून? दर शंभर रुपये ठेवीमागे बारा पैशांपर्यंत, देशातल्या प्रत्येक विमाधारक बँकेकडून. म्हणजे नीट चालणाऱ्या बँका लुटलेल्या बँकांची भरपाई करतात. लुटणाऱ्याचा बंगला तिथेच उभा असतो, त्याच्या पत्नीच्या नावावर.

आणखी एक गोंधळ आहे, आणि वकील त्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरतात. बँकेचा पदाधिकारी लोकसेवक आहे की नाही? ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये सांगितले की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यासाठी खासगी बँकेचा अध्यक्षही लोकसेवक. उलट त्याच न्यायालयाने २०००मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितले होते की सहकारी संस्थेचे पदाधिकारी दंड संहितेच्या व्याख्येतले लोकसेवक नाहीत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात सहकारी बँकेचा पदाधिकारी येतो, पण बँकेला सरकारी आर्थिक मदत मिळाली असेल तर. म्हणजे माणूस तोच, लाच तीच; लोकसेवक ठरणार की नाही, ते अनुदानाच्या फायलीवर. संसदेला हा घोळ एका वाक्याच्या दुरुस्तीने संपवता येईल: ठेवी घेणाऱ्या कोणत्याही बँकेचा संचालक आणि अधिकारी लोकसेवक. ते एक वाक्य लिहायला कुणाची शाई संपली आहे?

माझ्या मागण्या फार नाहीत आणि एकही क्रांतिकारक नाही. कलम ८८खालच्या अपिलांतून मंत्र्यांना बाहेर काढा आणि ती न्यायिक अधिकाऱ्याकडे द्या. आरोप निश्चित झाले त्या दिवशीच संबंधितांची आणि त्यांच्या कुटुंबीयांकडे वळवलेली मालमत्ता जप्त करा; निकालाची वाट पाहिली तर जप्तीला उरते फक्त खुर्ची. नियमभंगाचा दंड ठरावावर सही करणाऱ्याच्या नावावर टाका. मंडळाच्या सभेत ज्याने विरोध नोंदवला त्याला सोडा, गप्प बसलेल्याला सोडू नका. तिजोरीवर सही करणाऱ्या लेखापरीक्षकाने तिजोरी उघडून बघितली नसेल, तर त्याची सनद काढून घ्या.

आणि कलम ८८मधली एक ओळ आधी बदला. हे कलम चौकशीच्या आदेशापासून किंवा लेखापरीक्षणापासून मागची पाच वर्षेच बघते. पीएमसी बहुराज्यीय होती, तिला वेगळा, केंद्राचा कायदा; पण अकरा वर्षे लपवाछपवी करता येते हे तिने सगळ्यांना शिकवले आहे. त्यानंतर संसदेने काय केले? २०२५च्या दुरुस्तीने सहकारी बँकेच्या संचालकाची सलग मुदत आठ वर्षांवरून दहा केली. १ ऑगस्ट २०२५पासून ती लागू आहे. खुर्ची दहा वर्षांची, हिशेब पाच वर्षांचा. उरलेल्या पाच वर्षांत काय केले, ते विचारण्याचा अधिकार ठेवीदाराला कधी देणार, याचे उत्तर सहकारमंत्र्यांनी येत्या अधिवेशनात द्यावे.